घरचा फासा

माझी धाकटी बहीण माझ्याच शिफारशीने आमच्याकडे कामाला लागली आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी काही फार शोभून दिसत नाही.

आमच्याकडे म्हणजे एका छोट्या कारखान्यात. तिथे तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी पटावरचे खेळ बनतात. ज्यांना वाचता येत नाही, दहाच्या पुढे मोजता येत नाही आणि एका जागी बसवत नाही, अशा गिऱ्हाइकांसाठी. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं. त्यांनी एकदा चार वर्षांच्या मुलाला ‘आता तुझा नंबर नाही’ हे समजावून बघावं. मी अकरा वर्षं तेच करते आहे. चार खोक्यांच्या मागच्या बाजूला माझं नाव छापलेलं आहे, बारीक अक्षरात, ‘लहान वस्तू मुलांनी गिळू नयेत’ या इशाऱ्याच्या खाली.

बहिणीला घरात सगळे बारकी म्हणतात. ती आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी बारकीच. दोन वर्षांपूर्वी तिची आधीची नोकरी सुटली तेव्हा आई मला म्हणाली, “तुझ्याकडे चिकटव की तिला कुठेतरी.” मी चिकटवलं, लेबलं लावायच्या टेबलावर. वाटलं, लेबलं लावील आणि गप्प बसेल. सहा महिन्यांत मालकीणबाई तिला बोलावून विचारायला लागल्या, “हा रंग कसा वाटतो गं तुला?” मला अकरा वर्षांत त्यांनी कधी ‘गं’ म्हटलेलं नाही.

घरी तर वेगळीच तऱ्हा. माझी मुलगी टिल्ली सव्वाचार वर्षांची आहे. बारकी दारात दिसली की ती “मावशीऽऽ” करत अशी धावते की एखादी खुर्ची आडवी होते. मी कामावरून आले की माझं स्वागत “आई, मला शी लागली” असं होतं. बारकीचं लग्न झालेलं नाही, मूलबाळ नाही, त्यामुळे तिच्याकडे वेळच वेळ. ती फरशीवर पालथी पडून टिल्लीबरोबर अर्धा तास नुसती मुंगी बघू शकते. मी दिवसभर मुलांसाठी खेळ बनवते, पण स्वतःच्या मुलीशी खेळताना माझा एक डोळा घड्याळावर असतो. नवऱ्यापाशी एकदा बोलले, तर तो म्हणाला, “तुझीच बहीण ना ती? परकी आहे का?” परकी असती तर एवढं दुखलं कशाला असतं, हे या माणसाला कोण समजावणार.

आमच्याकडे वर्षाला एकच नवा खेळ छापतात. दोन-तीन जणांचे नमुने तयार होतात आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या बालवाडीत एका सकाळी त्यांची चाचणी होते. चाचणीचे नियम कडक आहेत. मुलं कोरी हवीत, म्हणजे त्यांनी तो खेळ आधी पाहिलेला नसावा, आणि तसं प्रत्येकाने कागदावर सही करून द्यायचं. ज्याचा खेळ असेल त्याने भिंतीशी मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसायचं, गुडघे हनुवटीला टेकवून, आणि तोंड उघडायचं नाही. बालवाडीच्या बाई मुलांना खेळ सांगतात आणि कागद-पेन्सिल घेऊन बाजूला बसतात. मूल चटईवरून उठून गेलं की एक रेघ. ज्या खेळाच्या रेघा कमी, तो छापायला जातो. खेळ कसा वाटला असं मुलांना कुणी विचारत नाही. विचारलं तर ती “छान” म्हणतात आणि पळतात.

यंदा दोनच नमुने होते, माझा आणि बारकीचा.

माझा खेळ गोगलगाईंचा. चार रंगांच्या चार गोगलगाई, आठ पानांची वाट आणि शेवटी कोबीचा गड्डा. फाशावर आकडे नाहीत. चार बाजूंवर चार रंग आणि दोन बाजू पांढऱ्या. जो रंग पडेल ती गोगलगाय एक पान पुढे जाते, पांढरा पडला तर सगळ्याच जातात. जी आधी कोबीला पोचेल ती जिंकली. रंग ओळखणं, थांबणं, आपला नंबर आल्यावरच फासा टाकणं, सगळं त्यात बसवलेलं. दीड वर्ष घालवलं होतं मी त्यावर.

बारकीचा खेळ अस्वलांचा. अस्वलं आपापल्या वाटेने गुहेत झोपायला जातात, एवढंच. आणि जो खेळाडू सगळ्यांत शेवटी पोचेल, त्याने बाकीच्या अस्वलांवर कापडाचं पांघरूण घालायचं आणि तोंडावर बोट ठेवून “श्शू” करायचं. पहिल्या येणाऱ्याला काही नाही. तो नमुना टेबलावर मांडला तेव्हा मालकीणबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. माझ्या चार खेळांपैकी एकाच्याही वेळी त्यांचे हात गालांपर्यंत गेले नव्हते.

“गोड आहे,” मी म्हणाले. “पण यात मुलं शिकतात काय?”

“हरायला शिकतात ना, ताई,” बारकी म्हणाली.

इतकं साधं. ते मला सुचायला हवं होतं. अकरा वर्षं मी हरलेल्या मुलांची रडारड ऐकते आहे. प्रत्येक खेळाच्या नियमांखाली मीच लिहिते की मोठ्यांनी मुलांना अधूनमधून हरू द्यावं. आणि पांघरूण सुचलं ते लेबलं लावणाऱ्या हिला. मला तिचा इतका हेवा वाटला की त्या दिवशी घास उतरेना. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि पानावरून उठले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गोगलगाईंचा जुना नमुना पिशवीत घालून घरी आणला. टिल्ली त्याच बालवाडीत जाते, हे मला पुरतं ठाऊक होतं. बारकीने तिला अस्वलं दाखवली नव्हती. टिल्ली किती मागे लागली तरी “चाचणी होऊ दे, मग आपण दोघी खेळू” म्हणून तिने थोपवून धरलं होतं. मी मात्र बेलाशक पट जमिनीवर मांडला. म्हटलं, वर्गात एका पोराने टाळ्या पिटल्या की बाकीची पिटतात, माझी मुलगी रमली तर सगळी चटई रमेल. पण खरं सांगायचं तर हाव त्याहून मोठी होती. तिने एकदा तरी मावशीला सोडून माझ्या मागे लागावं, एवढंच मला हवं होतं.

पहिल्या डावात तिने लाल गोगलगाय घेतली आणि निळी पहिली आली. टिल्लीचा खालचा ओठ बाहेर आला. “मला मावशीकडे जायचंय,” ती म्हणाली.

त्या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. मी उठून ड्रॉवरमधून लाल स्टिकर काढले आणि फाशाच्या दोन्ही पांढऱ्या बाजूंवर चिकटवले. नखाने दाबून, कडेला कड जुळवून. काम माझं नेहमीच स्वच्छ असतं. आता सहापैकी तीन बाजू लाल झाल्या. पुढचा डाव लाल जिंकली, आणि त्याच्या पुढचाही.

तीन आठवडे रोज संध्याकाळी हेच. लाल जिंकायची, टिल्ली उड्या मारायची आणि माझ्या गळ्यात पडायची. मी दारात चपला काढत असतानाच आतून आवाज यायचा, “आई, गोगलगाय!” एकदा बारकीचा फोन आला तर ही म्हणाली, “नंतर कर, मी आईशी खेळतेय.” मला नुसत्या गुदगुल्या झाल्या. आज त्याची लाज वाटते, तेव्हा वाटली नाही. मी टिल्लीला बजावून ठेवलं होतं, हा खेळ वर्गात आला तर आधी पाहिलाय असं बोलायचं नाही, आपलं गुपित. तिने डोळे मोठे करून मान हलवली. सव्वाचार वर्षांच्या मुलीच्या भरवशावर मी कागदावर सही ठोकली. चाचणीला जाताना मात्र आठवणीने खरा फासा घेतला, चार रंगांचा आणि दोन पांढऱ्या बाजूंचा. तेवढ्यावर मी स्वतःला प्रामाणिक समजत होते.

त्या सकाळी बारकी आणि मी भिंतीशी शेजारी शेजारी बसलो. बुटक्या खुर्चीत तिचे लांब पाय कुठे मावेनात.

“ताई, मला भीती वाटतेय,” ती कुजबुजली.

“बोलायचं नाही,” मी म्हणाले. “नियम आहे.”

बाईंनी चार मुलांना चटईवर बोलावलं, टिल्ली त्यांत होती. आधी अस्वलं. पहिल्या डावात एक मुलगा शेवटी आला. त्याने पांघरूण घातलं, “श्शू” केलं आणि सगळी चटई खरंच गप्प झाली. दुसऱ्या डावात प्रत्येकालाच शेवटी यायचं होतं. टिल्लीचं अस्वल पुढे सरकलं की ती त्याला दम भरायची, “हळू रे, घाई काय आहे?” ती शेवटी आली. तिने पांघरूण पसरलं, त्याचे कोपरे आत खोचले, प्रत्येक अस्वलाच्या डोक्यावरून बोट फिरवलं. मग मान वळवून हसली, बारकीकडे बघून. शेजारी मी बसले होते, ते तिच्या लक्षातही आलं नाही. तीन आठवडे मी तिला जिंकवत होते आणि ही हरून हसली ती मावशीकडे बघून. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. बाईंच्या कागदावर दोन रेघा होत्या, त्यातली एक शू लागलेल्या मुलाची.

मग गोगलगाई. बाईंनी पट उलगडला मात्र, टिल्ली ओरडली, “माझी लाल! लालच जिंकते!”

बाईंनी कागदावरून नजर वर केली. मी मनाला समजावलं, मुलं काय, काहीही बोलतात. फासा फिरायला लागला. हिरवा, पिवळा, पांढरा, पुन्हा पिवळा, परत पिवळा, निळा, पिवळा. पिवळी गोगलगाय पाचव्या पानावर गेली आणि लाल अजून पहिल्याच पानावर होती. टिल्लीने फासा उचलला. उलटसुलट करून सगळ्या बाजू तपासल्या. शेजारच्या मुलीला तो दाखवून ती समजुतीच्या सुरात म्हणाली, “हा बिघडलाय.” मग भिंतीकडे वळली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आई, हा फासा बिघडलाय. घरचा आण ना.”

मालकीणबाई दाराशी उभ्या होत्या.

कुणीच काही करेना, तेव्हा टिल्लीने पट उलटा केला. “सगळे मला फसवतायत!” म्हणून तिने भोकाड पसरलं. बाकीची तीन मुलं उठून पळाली आणि बाई रेघा मारायच्या विसरल्या.

“घरचा फासा म्हणजे?” मालकीणबाईंनी विचारलं.

मी माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिले. खोटं सांगत नाही, मी बोलणार होते असं मला अजून वाटतं. पण त्याआधी बारकी उठली.

“माझी चूक आहे,” ती म्हणाली. “जुना नमुना मी नेला होता. ताईच्या घरी टिल्लीशी मीच खेळले. ताईला यातलं काही माहीत नाही.”

मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मग तुझी अस्वलं यंदा बाद,” त्या बारकीला म्हणाल्या. “गोगलगाई पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बालवाडीत नेऊ. ठीक आहे ना?” हे शेवटचं मला होतं.

मी मान हलवली. चाचणीत बोलायचं नाही असा नियम होता, आणि तो मला इतका सोयीचा कधीच वाटला नव्हता.

कारखान्यात परतल्यावर मी पुठ्ठ्याचे कोपरे गोल करायच्या यंत्रावर जाऊन बसले. पुठ्ठा सरकवायचा, दांडा दाबायचा, पुठ्ठा फिरवायचा. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण संताप येत होता, आणि तोही बारकीचाच. खेळ हिचा चांगला. माझ्या मुलीची लाडकी हीच. आता चांगुलपणाही हिलाच हवा. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवणार होती की नाही? दोन तास मी कसेबसे काढले आणि मग तरातरा तिच्या टेबलापाशी गेले.

“कुणी सांगितला होता हा शहाणपणा?”

ती अस्वलं कागदात गुंडाळत होती. “कुणी नाही.”

“मोठी आली त्याग करणारी! माझ्यावर उपकार करून जन्मभर मिरवायचंय का तुला?”

बारकीने हातातलं अस्वल खाली ठेवलं. ती आधीच रडून बसलेली होती, नाक लाल झालं होतं. “कसला त्याग, ताई? मी बोलले आणि मला वाटलं तू लगेच म्हणशील, ‘नाही, ती नाही, मी.’ मी वाट बघत होते. मनात दहापर्यंत मोजलं. मग परत दहापर्यंत मोजलं.”

मी टेबलावरची लेबलं उगाच सारखी केली.

“मी कुणी संत नाहीये,” ती म्हणाली. “मला तुझा किती हेवा वाटतो माहितीये? टिल्ली माझ्याशी संध्याकाळभर खेळते, आणि झोप आली की ‘आईकडे जायचं’ म्हणते. रोज. कितीही खेळा तिच्याशी. मी तिला तुझ्या दारात सोडते आणि घरी जाते. घरी कोण असतं माझ्या? तुला ते सगळं आहे, तरी तुला मी खुपते. आज तर माझ्याकडचा खेळही गेला, आणि तू मान हलवलीस.”

तिने पुन्हा अस्वल उचललं आणि गुंडाळायला लागली. कागद तिच्या हातात नीट दुमडत नव्हता. मी तिथून थेट मालकीणबाईंच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

“माझी सही खोटी आहे,” मी सांगितलं. “खेळ मीच घरी नेला होता. फाशावर लाल चिकटवलं तेही मीच. तीन आठवडे.”

त्यांनी चष्मा काढला. “का?”

“जळत होते,” मी म्हणाले. दुसरा कुठला चांगला शब्द आठवेना, आणि आठवला असता तरी तो खरा नसता.

मालकीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “गोगलगाई बाद,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं तू नमुना द्यायचा नाहीस. अस्वलं छापायला जातील. त्यांचे नियम तू लिहून दे, तिला ते जमत नाही.” मग चष्मा पुन्हा लावला आणि समोरचे कागद ओढले.

मी घरी आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. टिल्ली पट मांडूनच बसली होती. “आई, आपल्या फाशाने खेळू,” ती म्हणाली. “हा चांगला आहे.”

तेव्हा मला कळलं की मालकीणबाईंची खोली सोपी होती. मी चपला न काढताच खाली बसले, फासा घेतला आणि एका बाजूचा लाल स्टिकर नखाने उचकटला. खालून पांढरं निघालं. टिल्ली टक लावून बघत होती. मी दुसराही काढला.

“वर्गातला फासा बिघडलेला नव्हता, पिल्लू. हा बिघडलेला होता. मी बिघडवला होता.”

“का?”

“तू जिंकावंस म्हणून.”

तिने फाशाची पांढरी बाजू बोटाने चाचपली. “म्हणजे मी जिंकले नव्हते?”

“नाही.”

“बाबांनी मला खांद्यावर घेतलं, त्या दिवशी पण नाही?”

“नाही.”

“एकदा पण नाही?”

पहिल्या दिवशी हरलेला तो एक डाव तेवढा खरा होता. बाकीच्यांतला एखादा ती खऱ्या फाशानेही जिंकली असती कदाचित. पण ते आता मला कसं कळणार, आणि तिला कसं सांगणार?

“एकदा पण नाही,” मी म्हणाले.

वाटलं, ती रडेल, पट उधळेल. तसं केलं असतं तर मी तिला उचलून तरी घेतलं असतं. तिने काही केलं नाही. गोगलगाई एकेक करून खोक्यात ठेवल्या, झाकण लावलं, ते नीट बसत नव्हतं म्हणून त्यावर हात दाबून धरला.

“मला मावशीला सांगायचंय,” ती म्हणाली.

मला पुन्हा हेवा वाटला. हो, तेव्हासुद्धा. दुखवलं मी, आणि सांगायला तिला मावशी हवी. मी नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. आत निघून जावंसं वाटत होतं, पण मी तिथेच बसून राहिले.

“मावशी, मी कधीच जिंकले नव्हते,” टिल्लीने सांगितलं. “हो. आईने लाल चिकटवलं होतं. आता काढलं.” मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ती म्हणाली, “नाही, मी नाही रडत.” तिने वळून माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. “आई रडतेय.”

ती फोन कानाला लावून नुसती उभी राहिली. मला वाटलं, बारकीने फोन ठेवला. तेवढ्यात टिल्लीने दोन्ही हातांनी फोन माझ्यासमोर धरला.

“घे,” ती म्हणाली. “मावशी म्हणते, जी रडतेय तिला दे.”